लिंबाची पानं खाऊ दिली तेव्हापासून: परसातले पाहुणे आणि त्यांचे फोटो

परसदार | १४ सप्टेंबर, सकाळी ७.४०

आमच्या घरामागे दीड गुंठा परस आहे. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, मुरमाड जमिनीवर. एक कागदी लिंबू, दोन कढीलिंब, शेवगा, जास्वंदीचं कुंपण, सासूबाईंची तगर, कोपऱ्यात केळी आणि मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू. दुर्मीळ म्हणावं असं एकही झाड नाही. तरी गेल्या चार वर्षांत एवढ्या तुकड्यात मी छत्तीस जातींची फुलपाखरं पाहिली आणि सव्वीस जातींचे पक्षी. बहुतेकांचे फोटोही मिळाले. ते कसे, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात लिंबापासून झाली. २०२१ च्या पावसाळ्यात कोवळ्या पानांवर जागोजाग पक्ष्यांची शीट पडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी पाहते तर ती शीट पानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधलं पान गायब. माळीकाका म्हणाले, "वहिनी, औषध मारतो, दोन दिवसांत साफ होतंय बघा." ते पंप आणायला गेले तेवढ्यात मी मोबाइल जवळ नेऊन एक फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. तपकिरी अंगावर पांढरा पट्टा, ओलसर तुकतुकी, आणि खाली आखूड पायांची रांग. पक्ष्याने खाऊ नये म्हणून पक्ष्याच्याच शिटेचं सोंग घेतलेली अळी! काकांना मी पंप परत ठेवायला लावला.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी चहाचा कप घेऊन लिंबाजवळ जायचं, हा नेम झाला. शेवटची कात टाकल्यावर तीच अळी हिरवीगार झाली, खांद्यावर खोटे डोळे उमटले. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून तांबूस, दुफाट्याचं शिंग बाहेर आलं आणि आंबट उग्र वास सुटला. मग एक दिवस ती फांदीवर गेली, कमरेभोवती रेशमाचा एकच धागा घेतला आणि मागे रेलून बसली. इलेक्ट्रिकच्या खांबावर चढलेला वायरमन पट्ट्याला रेलतो, अगदी तशी. नवव्या दिवशी कोष काळवंडला, आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागली आणि दहाव्या सकाळी लाइम बटरफ्लाय बाहेर पडलं. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. लिंबू आमच्याकडे बावीस वर्षं होता. इतक्या वर्षांत हे कधीच पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून परसात औषध नाही. झाडांची थोडी नासधूस होते हे खरं, पण लिंबू मेला नाही, उलट दर पावसाळ्यात नवी पालवी फुटतेच. कढीलिंबावर कॉमन मॉरमॉन येतं. कण्हेरीवर कॉमन क्रो येतं आणि त्याचा कोष चांदीच्या डूलासारखा चमकतो, तो पाहायला शेजारच्या मुली शाळेत जाताना थांबतात. रुई आम्ही उपटून टाकायचो. आता एक ठेवली आहे, कारण प्लेन टायगरची अळी तिची पानं खाते आणि रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते. पक्षी मग तिच्या वाटेला जात नाहीत.

शेवग्याला फुलं आली की शिंजीर पक्षी दिवसभर. केळफुलावर संध्याकाळी वटवाघळं. पपई मुद्दाम एक झाडावर पिकू देते, तांबट आणि बुलबुल वाटून खातात. पाण्यासाठी मातीची पसरट परात ठेवली आहे, दोन बोटं पाणी आणि मधोमध एक खडबडीत दगड. पाणी रोज बदलते, परात काथ्याने घासते. नाहीतर तिथे डासच वाढतील.

काही फोटो देते.

प्रचि (प्रकाशचित्र) १: कॉमन मॉरमॉनची मादी. ही दिसते हुबेहूब कॉमन रोज या बेचव फुलपाखरासारखी. फसू नये म्हणून धड पाहायचं: रोजचं धड लाल असतं, मॉरमॉनचं काळं.
प्रचि २: ब्लू मॉरमॉन जास्वंदीवर. २०१५ साली महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू केलं, आणि असं करणारं आपलं पहिलंच राज्य. पाच वेळा निसटलं, सहाव्या वेळी मिळालं.
प्रचि ३: शिंपी पक्षी, चोचीत कोळ्याचं जाळं. जास्वंदीची दोन पानं शिवत होता. घरटं मुद्दाम दाखवलेलं नाही.
प्रचि ४: परातीत अंघोळ करणारे सातभाई पक्षी. मोजले तर सहाच निघाले.

माझ्याकडे साधा मोबाइल आहे आणि मुलाने सोडलेला जुना डीएसएलआर कॅमेरा, १८-५५ एमएमच्या झूम लेन्ससह. लहान जिवांचे फोटो स्पष्ट येत नाहीत, ही अडचण आहे. जाणकारांनी सांगावं. आणि तुमच्या परसात, गच्चीत, खिडकीत कोण येतं तेही लिहा.

---

शेवंती | १४ सप्टेंबर, सकाळी ९.०५

ताई, काय सुंदर लिहिलंय! वायरमनची उपमा डोळ्यांसमोर उभी राहिली. मी आत्ताच उठून कढीलिंब तपासून आले. दोन "शिटा" सापडल्या!! गेल्या महिन्यातच मी अशा सहा-सात पानांसकट तोडून कचऱ्यात टाकल्या होत्या. फार वाईट वाटतंय.

---

भिंगवाला | १४ सप्टेंबर, दुपारी १.२०

परसदार ताई, तुमच्याकडे आहे तेवढ्यावर उत्तम काम होईल. नवीन काही घेण्याआधी हे करून पाहा.

मोबाइलवर झूम ओढू नका. ओढलेलं झूम म्हणजे नुसतं कापून मोठं केलेलं चित्र. त्याऐवजी क्लिपने लावायचं मॅक्रो भिंग मिळतं, ते लावा. त्यात विषयापासून अंतर दोन-तीन सेंटिमीटरच राहतं, त्यामुळे अळी, कोष, कोळी, मुंग्या यांना ठीक, उडणाऱ्याला नाही. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूप लागल्यासारखे पक्के होतात. मग उजेड जरा खाली ओढा. पांढऱ्या तगरीवरचं फुलपाखरू हमखास जास्त उजळ येतं, ते यामुळे सावरतं.

डीएसएलआरला रिव्हर्स रिंग घ्या. काही शे रुपयांत येते. लेन्स उलटी लावायची, म्हणजे पुढची बाजू कॅमेऱ्याकडे. १८-५५ उलटी लावून १८ वर ठेवली तर कोळ्याचे आठ डोळे मोजता येतात. मात्र उलटी लावल्यावर लेन्सचा कॅमेऱ्याशी संपर्क तुटतो, ऑटोफोकस चालत नाही. फोकस रिंग फिरवत बसू नका, स्वतः सावकाश पुढेमागे झुला आणि डोळा स्पष्ट दिसला की दाबा. घरात कुणाची जुनी फिल्मच्या काळातली ५० एमएम लेन्स असेल, ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या भोकाची) कडी असलेली, तर ती सर्वांत छान, कारण ॲपर्चर हाताने बदलता येतं.

आता मुख्य मुद्दा, उजेड. एवढ्या जवळून स्पष्टतेची खोली मिलिमीटरमध्ये असते. ती वाढवायला ॲपर्चर एफ ८ ते ११ लागतं, तेवढं मिटलं की उजेड पुरत नाही, म्हणून फ्लॅश. पण नागडा फ्लॅश टाकला की भुंग्याच्या पाठीवर पांढरा ठिपका भाजतो. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर किंवा पांढरा पातळ फोम वाकवून लावा, जिवाच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००. मी माझा डिफ्यूजर (उजेड पसरवणारा पडदा) वाढदिवसाच्या सजावटीतल्या उरलेल्या फोमपासून केला, सात वर्षं तोच वापरतोय.

फ्लॅश नसेल तर सकाळी साडेसहा-सातला बाहेर पडा. कीटकांचं शरीर हवेइतकंच थंड असतं, ऊन मिळेपर्यंत दिवसा फिरणाऱ्या बहुतेकांना नीट उडता येत नाही. गवताच्या पात्यावर दवाने भिजलेला चतुर तेव्हा हवा तितका वेळ बसतो. फुलपाखरू पंख उघडून ऊन खात असतं. कॅमेरा पंखांना समांतर धरा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. तुमची सावली मात्र त्यावर पडू देऊ नका, सावली आली की ते उडालंच.

पक्ष्यांचं गणित वेगळं. कोतवाल आभाळापुढे बसला की काळा ठोकळा येतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड) एक ते दीड स्टॉप वाढवा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. पांढरा बगळा गर्द झाडीपुढे असेल तर तितकंच उतरवा. आणि खाली बसा. उभं राहून काढलेला सातभाईचा फोटो आणि पोटावर झोपून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला, यांत तो पक्षीच वेगळा वाटतो.

---

परसदार | १४ सप्टेंबर, रात्री ८.५०

भिंगवाला, हे छापून कपाटाच्या आत चिकटवलं! फ्लॅशने त्यांच्या डोळ्यांना त्रास नाही ना होत?

---

भिंगवाला | १४ सप्टेंबर, रात्री ९.३०

कीटकांना मऊ केलेल्या फ्लॅशने दचकलेलं मी क्वचितच पाहिलंय. माझा नियम असा: निशाचर प्राणी, पक्षी आणि पिल्लं यांच्यावर फ्लॅश अजिबात नाही. घुबडावर तर कधीच नाही. अंधारात पाहायला उघडलेल्या त्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा विचारही नको.

---

गच्चीतली_बाग | १५ सप्टेंबर, सकाळी ११.१५

आम्ही ठाण्यात, अकराव्या मजल्यावर. गॅलरी सहा फूट बाय तीन. परसदार ताईंचा दीड गुंठा ऐकून हेवा वाटला, पण माझीही एक गोष्ट आहे.

आईने गावाहून पानफुटीचं एक पान आणलं होतं, कुंडीत टाकलं आणि रान माजलं. गेल्या दिवाळीच्या आसपास पानं जागोजागी पारदर्शक दिसायला लागली, जणू आतला गर कुणी चमच्याने काढून घेतलाय. मला वाटलं पाणी जास्त झालं. एक पान उजेडात धरलं तर आत अळी चालत होती, पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधून! रेड पिअरो. याची अळी पानफुटीसारख्या जाड पानांतच राहते, आतूनच खाते आणि मोठी झाली की बाहेर येते. फुलपाखरू नखाएवढं, खालून पांढरं, त्यावर काळे ठिपके आणि कडेला केशरी पट्टा. अकराव्या मजल्यावर त्याच्या आईला ही एकच कुंडी कशी सापडली असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पानामागे मोबाइलचा टॉर्च ठेवून आतल्या अळीचा फोटो काढला आहे. पान एखाद्या कंदिलासारखं उजळलंय आणि मध्ये तिची सावली. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत तो मला सर्वांत आवडतो.

एक दुःखाची गोष्टही आहे. सोसायटीत दर महिन्याला फवारणी होते. पूर्वसूचना मिळत नाही. मे महिन्यात फवारणीच्या दुसऱ्या दिवशी कुंडीखाली चार अळ्या मेलेल्या सापडल्या. आता मी रखवालदाराला विचारून ठेवते, त्या दिवशी सकाळीच कुंड्या आत घेते.

---

अंगणवेल | १५ सप्टेंबर, दुपारी ४.००

आमच्या व्हरांड्यातल्या दिव्याच्या वायरीवर शिंजिराने घरटं केलंय! मादी एकटीच सगळं बांधत होती, कोळ्याच्या जाळ्यांनी जोडजोडून. दारावर छोटंसं छप्परसुद्धा. आता पिल्लं आहेत, चोची बाहेर येतात. उद्या शिडी लावून वरून जवळून फोटो घेते आणि इथे टाकते.

---

रानवाट | १५ सप्टेंबर, दुपारी ४.२५

अंगणवेल ताई, कृपा करून शिडी लावू नका. हात जोडून सांगतो.

मीच केलेली चूक सांगतो. २०१७ मध्ये आमच्या पेरूवर बुलबुलाचं घरटं होतं, वाटीसारखं, त्यात दोन पिल्लं. फोटोत एक डहाळी आडवी येत होती. मी ती दोऱ्याने बाजूला बांधली, दहा-बारा फोटो घेतले आणि सोडायची विसरलो. त्या डहाळीमुळेच घरटं वरून झाकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा पेरूवर होता आणि घरटं रिकामं. बुलबुलाची जोडी पूर्ण दोन दिवस त्या झाडाभोवती ओरडत फिरत होती. ते फोटो मी कधी कुणाला दाखवले नाहीत, पण पुसलेही नाहीत.

आपण जवळ गेलो की दोन गोष्टी होतात. आईबाप घास घेऊन येत नाहीत आणि आपण कुठे थांबतोय हे कावळा, भारद्वाज, मांजर सगळे पाहत असतात. ओळखायची खूण सोपी आहे: पक्षी चोचीत अळी धरून शेजारच्या फांदीवर बसलाय, अस्वस्थपणे ओरडतोय, पण घरट्यात जात नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे व्हा.

वायरीवरचं घरटं घराच्या खिडकीतून दिसतं का? दिसत असेल तर खोलीतला दिवा बंद करा, पडद्याच्या फटीतून काढा, दहा मिनिटांत आटोपा. शिंजिराची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवड्यांत उडतात. तेवढे दिवस व्हरांड्यातला दिवा लावू नका. आणि पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावणंही टाळा. विणीच्या काळात नर ते आव्हान समजून सगळं सोडून भांडायला येतो.

---

अंगणवेल | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१०

वाचून अंगावर काटा आला. शिडी परत ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतंय, तिथूनच बघेन. व्हरांड्यातला बल्बही काढून ठेवला. मनापासून आभार, दादा.

आणखी एक विचारते. नर शिंजीर रोज आमच्या गाडीच्या आरशावर टोचा मारत असतो. वेडा झालाय का?

---

रानवाट | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

नाही, आरशात त्याला दुसरा नर दिसतो आणि हद्द राखायला तो भांडतो. दयाळ आणि बुलबुलसुद्धा करतात. आरशावर जुना पायमोजा चढवा, तासाभरात भांडण संपेल. नाहीतर दिवसभर त्यातच शक्ती घालवतो.

---

उसाचा_फड | १६ सप्टेंबर, सकाळी ६.३०

कराडकडचा शेतकरी आहे, फोटोतलं कळत नाही, पण धागा रोज वाचतोय. पोरीने लिंबावरचा एक कोष बरणीत ठेवला होता. त्यातून फुलपाखरू न येता बारीक बारीक माश्या निघाल्या, पन्नासेक तरी असतील. कोषाला टाचणीएवढं भोक. पोरगी दिवसभर रडली.

तिला मी उसाचं उदाहरण देऊन समजावलं. आम्ही खोडकिडीसाठी उसाच्या पानांना ट्रायकोकार्ड टाचतो. त्या कार्डावर ट्रायकोग्रामा नावाचा अगदी सूक्ष्म कीटक असतो, तो किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतो, मग किडीची अळी जन्मतच नाही. औषधाचा खर्च वाचतो. त्या कोषात पण तसलाच कुणीतरी भाऊबंद शिरला असणार. लिंबावर सगळ्याच अळ्या जगल्या असत्या तर लिंबू उरला नसता, असं सांगितलं तिला. पटलं का नाही ठाऊक नाही, पण आता बरणीऐवजी झाडावरच बघते.

---

भिंगवाला | १६ सप्टेंबर, सकाळी ८.००

उसाचा_फड दादा, अगदी बरोबर सांगितलंत. ती परजीवी गांधीलमाशीची जात. काही अळ्यांतून माशीची अळीही निघते, चिकट धाग्यावर खाली उतरते. लेकीला सांगा, पुढच्या वेळी त्या बारीक माश्यांचाही फोटो काढ. भिंगातून त्या हिरव्या-सोनेरी चमकतात, दागिन्यासारख्या. आणि अळ्या बरणीत न ठेवण्याबद्दल मीही सहमत. बरणीत ओल धरते, बुरशी येते, आणि पंख पसरायला जागा कमी पडली तर फुलपाखरू जन्मभर लुळं राहतं.

---

डिचोलीकर | १६ सप्टेंबर, रात्री ११.४५

गोव्याहून लिहितोय. सगळे सकाळचं बोलताहेत, मी रात्रीचा माणूस.

आमच्या परसात पावसाळ्यात दोन काठ्यांना जुनी पांढरी चादर बांधतो आणि पुढे बल्ब लावतो. पहिल्या पावसानंतरच्या दमट, चांदणं नसलेल्या रात्री तासाभरात चादर भरते. लिंबाएवढ्या हिरव्या पतंगापासून तांदळाच्या दाण्याएवढ्यापर्यंत. जगात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंग-सप्ताह पाळतात, २०१२ पासून. आम्हीही तेव्हा शेजाऱ्यांना बोलावतो, चहा आणि भजी असतात. दोन वर्षांपूर्वी ॲटलस मॉथ आला होता. वीतभर पंख, टोकाला सापाच्या डोक्यासारखी वळणं. याला खाण्यापुरतं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर थोडेच दिवस जगतो, जोडीदार शोधतो, संपतो. आई त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसून राहिली होती, एक शब्द बोलली नाही.

अकरानंतर दिवा बंद करतो. रात्रभर ठेवला तर पतंग थकून तिथेच बसतात आणि पहाटे कोतवाल चादरीवरून वेचून खातो.

दुसरी गंमत पाण्याच्या टाकीची. जूनमध्ये टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर, साबणाच्या फेसासारखा गोळा दिसला. बायको घासून टाकणार होती. तो आमच्या न्हाणीघरात राहणाऱ्या झाडबेडकाचा फेस. मादी मागच्या पायांनी घुसळून तो फेस करते, अंडी आत. बाहेरून वाळून पापुद्रा होतो, आत ओल राहते. काही दिवसांनी भोकशी पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. मी तीन रात्री टॉर्चला पिवळा कागद लावून बसलो आणि तिसऱ्या रात्री टपकताना मिळाली. फोटो जरा हललेला आहे, पण थेंब आणि त्यात वळवळणारी शेपटी दिसते.

सापाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बेडूक आले की धामण, नानेटी येणारच. दोन्ही बिनविषारी. पण फोटोसाठी पानं बाजूला करत मागे जाऊ नका, ओळखीत चूक झाली तर समोर घोणस असू शकते. लांबून, उभ्या जागेवरून काढा. महाराष्ट्रात घरात साप शिरला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

---

शेवंती | १७ सप्टेंबर, सकाळी १०.२०

भोकशी पिल्लं! हा शब्द पहिल्यांदाच वाचला. आम्ही बेडूकमासे म्हणतो.

---

डिचोलीकर | १७ सप्टेंबर, दुपारी १२.००

आमच्या घरात आजीचा शब्द आहे, तोच वापरला. बेडूकमासे बरोबरच.

---

आजोळ_सांगली | १७ सप्टेंबर, रात्री १०.३०

न्यू जर्सीहून. इथे लेकाच्या घरामागच्या अंगणात मी दरवर्षी शेपू लावते, भाजीसाठी. तीन वर्षांपूर्वी शेपूवर हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या, पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या आल्या. मी चिमटीत धरून काढायला गेले तर केशरी शिंग बाहेर आलं आणि वास सुटला. परसदार, तुमचं वर्णन वाचून मी नातीला हाक मारली: अगं, आपल्या शेपूवरच्या अळीचे नातेवाईक साताऱ्यात लिंबावर राहतात! ते ब्लॅक स्वॅलोटेल. तुमच्या लिंबावरचं आणि आमच्या शेपूवरचं, दोन्ही एकाच पॅपिलिओ वंशातली. तिथली लिंबू खातात, इथली शेपू, बडीशेप आणि पार्सली. शेवटचे कोष इथे बर्फातून तसेच राहतात आणि वसंतात फुटतात.

आता शेपूचे दोन वाफे करते, एक आमचा, एक त्यांचा. अंगणात मिल्कवीडही लावलंय, ते आपल्या रुईच्याच घराण्यातलं, तसाच पांढरा चीक. त्यावर मोनार्क येतं, जे प्लेन टायगरचं भावंड. सप्टेंबरात निघालेली पिढी इथून मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत उडत जाते. आत्ता याच आठवड्यात अंगणातून एकेक निघताहेत. नातीने एकाचा फोटो काढला आहे, पंख मिटलेला, मागे आमचं धुणं वाळत घातलेलं. धुणं आलं म्हणून ती हिरमुसली होती. मला तर ते धुणं आहे म्हणूनच फोटो आवडतो, ते फुलपाखरू आमच्या अंगणातलं आहे हे त्यावरून कळतं.

---

रानवाट | १८ सप्टेंबर, सकाळी ७.००

प्रवासाचंच निघालं म्हणून सांगतो. पावसाळा सरताना अंगणावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर पाहिलेत ना, जे बसतच नाहीत? ते ग्लोब स्किमर. त्यांतले असंख्य ऑक्टोबरपासून मालदीववरून, हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, वाऱ्यावर स्वार होऊन. इवलासा जीव! उडताना फोटो मिळणं कठीण. संध्याकाळी ते काटक्यांवर लटकून झोपतात, तेव्हा शोधा.

सगळ्यांना एक विनंती. फोटोंना तारीख आणि गाव जोडून आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर टाका. पक्षी असतील तर ईबर्डवर यादी द्या. फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते, पंधरा मिनिटं खिडकीत बसून मोजलं तरी चालतं. भारतात ती २०१३ पासून होते. धूसर फोटोही उपयोगी पडतो, ओळख पटली म्हणजे झालं. घरट्याची जागा मात्र देऊ नका.

---

अंगणवेल | २३ सप्टेंबर, सकाळी ९.१५

दोन्ही पिल्लं आज उडाली!!! एक थेट जास्वंदीवर गेलं, दुसरं पाऊण तास वायरीवर बसून राहिलं, आई समोर येऊन ओरडत होती तरी हलेना. शेवटी गेलं. खिडकीच्या काचेतून काढलेले सात फोटो आहेत, थोडे धुरकट. टाकते संध्याकाळी. बल्ब अजून लावलेला नाही, घरटं असेपर्यंत लावणारही नाही.

---

परसदार | १ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण सांगते.

रिव्हर्स रिंग आणली. पहिल्या दिवशी चाळीस फोटोंतला एकही स्पष्ट नव्हता. मग भिंगवालांनी सांगितल्याप्रमाणे फोकस सोडून दिला आणि श्वास रोखून स्वतः झुलायला लागले. कालपर्यंत एक उडी मारणारा कोळी मिळाला, चार डोळे पुढे, मधले दोन मोठे, आणि त्या दोन्हींत आमच्या घराचं प्रतिबिंब. सासूबाईंनी फोटो पाहिला आणि विचारलं, "यात मी कुठाय?" त्या तेव्हा ओट्यावर बसल्या होत्या. शोधलं तर खरंच एक पांढरा ठिपका आहे, त्यांच्या पातळाचा.

दुसरं म्हणजे, २१ तारखेला एक अळी लिंबावरून उतरून भिंतीवरून चालत मागच्या दाराच्या कडीवर आली आणि तिथेच धागा बांधून बसली. कडी सरकवली तर कोष चिरडणार. म्हणून दहा दिवस आम्ही पुढच्या दारातून जा-ये केली. मोलकरीण, गॅसवाला, धुण्याची बादली, सगळं वळसा घालून. यांनी दाराला कागद चिकटवला होता, "कृपया उघडू नये".

काल रात्री कोष काळा झाला होता. पहाटे साडेपाचला मी ट्रायपॉड लावला, फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर. सहा वाजून पन्नास मिनिटांनी डोक्याजवळ भेग पडली. दोन मिनिटांत ते बाहेर आलं, पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले, कडीला पायांनी धरून लटकलं. पोटातून पंखांत द्रव भरत गेला तसतसे ते उलगडत गेले. मी पासष्ट फोटो काढले आणि मग कॅमेरा बाजूला ठेवून नुसतीच बसले. सासूबाईही आल्या, त्यांना दम लागतो म्हणून खुर्ची दिली. आठला थोडंसं ऊन कडीवर आलं, त्याने दोनदा पंख उघडमीट केले आणि शेवग्यावरून उडून गेलं.

फोटो निवडून रात्री टाकते. यांनी आत्ताच कागद काढला, मागचं दार उघडलंय.